रत्नागिरीतले ट्रॉय

माझी सासुरवाडी रत्नागिरीची. हे वाक्य ज्यांच्यापुढे उच्चारावे ते गृहस्थ प्रथम माझ्याकडे हेव्याने पाहतात आणि मग आंब्याचा भाव विचारतात. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण तो भाव मला अजून सांगता आलेला नाही. कारण मराठीच्या अध्यापकाला सासुरवाडीला जाण्याइतकी सवड मिळते ती बहुधा नाताळच्या सुट्टीत, आणि त्या दिवसांत रत्नागिरीच्या आंब्याला फार तर मोहोर असतो. मोहोर काही पेटीत भरून आणता येत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही निघालो तेव्हा माझ्या पिशवीत एक वजनदार पुस्तक होते. आमच्या महाविद्यालयात विश्वसाहित्याची ओळख करून देणारी व्याख्याने ठेवायचे ठरले होते. विभागाच्या बैठकीला मी दहा मिनिटे उशिरा पोहोचलो. तोवर सोपे ग्रंथ वाटले गेले होते आणि होमरचे ‘इलियड’ तेवढे माझी वाट पाहत बसले होते. वाचकहो, तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू? एम. ए. ला असताना मी ते इंग्रजी भाषांतरातून अर्धे वाचले होते आणि उरलेले अर्धे वाचल्यासारखा गेली वीस वर्षे बोलत होतो. आता मात्र शेवटच्या पानापर्यंत जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सौभाग्यवतींनी ते पुस्तक हातात घेऊन तोलून पाहिले. “अहो, चार दिवस आईकडे चाललोय आपण. हे काय उशाला घ्यायला?”

मांडवी एक्स्प्रेसने ठाणे सोडले आणि पनवेल मागे पडते न पडते तोच आमच्या कन्येने त्या पुस्तकाचा ताबा घेतला. ती नववीत आहे. २००४ साली निघालेला ‘ट्रॉय’ नावाचा चित्रपट तिने भ्रमणध्वनीच्या वीतभर पडद्यावर पाहिलेला, तेव्हा या विषयात आपला अधिकार बापापेक्षा मोठा आहे अशी तिची खात्री. तिने आईला सगळी कथा सांगायला घेतली. तीन देवींमध्ये सर्वांत सुंदर कोण यावरून भांडण जुंपले. न्याय करायला बसवला ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस. त्याने निकाल दिला तो लाच खाऊन, आणि लाच काय, तर जगातली सर्वांत सुंदर स्त्री. ती होती स्पार्टाच्या मेनेलॉस राजाची राणी हेलन. पॅरिस तिला घेऊन ट्रॉयला पळाला. मग मेनेलॉसचा भाऊ अ‍ॅगमेम्नॉन याने साऱ्या ग्रीक राजांना गोळा केले आणि जहाजांचा तांडा घेऊन ट्रॉयच्या किनाऱ्यावर उतरला. दहा वर्षे वेढा चालला. ग्रीकांचा महावीर अकिलीस याने ट्रॉयचा महावीर हेक्टर याला मारले. अखेर ग्रीकांनी लाकडाचा एक प्रचंड घोडा केला, त्याच्या पोटात सैनिक लपवले, आणि ट्रॉयच्या लोकांनी तो आपल्याच हातांनी शहरात ओढून नेला.

“म्हणजे रामायणच की गं!” सौभाग्यवती म्हणाल्या. “परक्याची बायको पळवली, समुद्र ओलांडून सैन्य गेलं, नगरी जळली.”

“तसं पुष्कळ आहे,” मी मध्ये पडलो. “पण सीतेला रावणाने बळाने नेली याबद्दल आपल्याकडे वाद नाही. हेलन आपल्या मनाने गेली की तिला पळवली, यावर खुद्द ग्रीकांचं एकमत नव्हतं. युरिपिडीस नावाच्या नाटककाराने तर एका नाटकात असं दाखवलंय की ती ट्रॉयला कधी गेलीच नाही. पॅरिसने नेली ती तिची नुसती छाया. खरी हेलन सगळी दहा वर्षं इजिप्तमध्ये सुखरूप होती.”

“अगंबाई! मग एवढी माणसं मेली कशासाठी?”

हा प्रश्न युरिपिडीसलाही पडला असावा. उत्तर सुचायच्या आत गाडी कारबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा तो बोगदा. बाहेर मिट्ट काळोख, आत दिव्यांचा पिवळा उजेड आणि एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले आम्ही प्रवासी. घोड्याच्या पोटात बसलेल्या ग्रीकांना असेच वाटले असेल असा विचार माझ्या मनात आला. मी तो बोलून दाखवला आणि वर एक माहिती दिली.

“गंमत म्हणजे इलियडमध्ये तो घोडा नाहीच.”

कन्या उडालीच. “घोडा नाही? मग ट्रॉय पडतं कसं?”

“ट्रॉय पडतही नाही. दहाव्या वर्षातले पन्नासएक दिवस तेवढे आहेत त्यात. घोड्याची हकीकत पुढच्या ग्रंथांत येते.”

“मग शेवटी आहे तरी काय?”

“ते,” मी घसा खाकरून म्हणालो, “माझं अजून वाचून व्हायचं आहे.” बोगदा संपला आणि सुदैवाने रत्नागिरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे सासरे अण्णा आम्हाला रत्नदुर्गावर घेऊन गेले. अण्णा कोर्टात शिरस्तेदार होते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी अजून कोणतीही गोष्ट ऐकली की ते आधी ‘वादी कोण?’ असे विचारतात. रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे. वर भगवतीचे देऊळ, दुसऱ्या टोकाला दीपगृह, खाली खडकांवर फुटणाऱ्या लाटा आणि उत्तरेकडे मिऱ्याचा किनारा. तटावरून चालता चालता मला वाटले, ट्रॉयच्या तटावर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांना खालची जहाजे अशीच दिसत असतील. होमरने दुसऱ्या सर्गात त्या जहाजांची यादीच दिली आहे. बेरीज केली तर १,१८६ भरतात.

मी हे सारे सांगत असता कन्येने किल्ल्याचा नकाशा न्याहाळला आणि ती ओरडली, “बाबा, घोडा इथे आहेच की! हा किल्ला घोड्याच्या नालेसारखा आहे!” खरोखरच रत्नदुर्गाचा आकार तसा आहे. विद्वत्ता ही अशी कधी कधी पोरांच्या पायाशी लोळण घेते.

अण्णांनी विचारले, “जावईबापू, हे ट्रॉय म्हणजे नुसती पुराणातली वांगी, की असं गाव होतं कुठं?”

मला तेवढेच हवे होते. तुर्कस्तानच्या वायव्य कोपऱ्यात हिसारलिक नावाचे टेकाड आहे. हाइनरिख श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने १८७० नंतर ते खणायला सुरुवात केली. होमरवर त्याची आपल्या भाविकांसारखी श्रद्धा. टेकाडात एकाखाली एक अशा नऊ वस्त्यांचे थर निघाले. १८७३ साली त्याला सोन्याचे दागिने सापडले आणि त्याने जाहीर केले, हा ट्रॉयच्या प्रायम राजाचा खजिना. पुढे कळले की होमरचे ट्रॉय मानता येईल अशा थरापेक्षा ते सोने हजारएक वर्षांनी जुने होते. श्लीमानने तो खजिना तुर्कस्तानातून गुपचूप बाहेर काढला, तो बर्लिनला गेला, १९४५ साली तिथून नाहीसा झाला आणि मॉस्कोत आहे हे उघड झाले ते १९९० नंतर. ज्या समुद्रावर ग्रीकांची जहाजे लागली म्हणतात तो समुद्रही आता तिथे नाही. नद्यांच्या गाळाने उपसागर भरून आला आणि पाणी काही मैल मागे हटले.

“आणि वेढा दहा वर्षं?” अण्णा म्हणाले. “रत्नागिरीकराला त्याचं नवल नाही हो. आमच्याकडे बांधाच्या भांडणात दहा वर्षं म्हणजे पहिली तारीख.”

त्या संध्याकाळी आम्ही टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान पाहिले. जुन्या वळणाचे कौलारू घर, शेणाने सारवल्याचा भास देणारी शांतता. २३ जुलै १८५६ हा दिवस इथला. कन्येने भिंतीवरच्या मजकुरातून एक ओळ उचलली. “बाबा, टिळक मंडालेला होते, १९०८ ते १९१४. मंडाले म्हणजे तेच ना, आपल्या थिबा राजाचं?”

‘आपल्या’ थिबा राजाचं! रत्नागिरीच्या आजोळात वाढलेली मुले असेच बोलतात. पण मी चमकलो. ब्रह्मदेशाच्या राजधानीतला तो किल्ला. त्याच्या तटाआतल्या तुरुंगात रत्नागिरीत जन्मलेले टिळक ‘गीतारहस्य’ लिहीत होते, आणि त्या किल्ल्याचा धनी त्याच सुमारास रत्नागिरीच्या टेकडीवर बसून समुद्राकडे पाहत होता. इंग्रजांनी दोघांची गावे जणू अदलाबदल करून दिली होती.

“उद्या थिबा पॅलेस बघू,” अण्णा म्हणाले. “तुमचं ट्रॉय दूर आहे. आमचं इथं रिक्षाने जाण्यासारखं आहे.”

अण्णांचे ते वाक्य मी विनोद म्हणूनच घेतले होते. दुसऱ्या दिवशी महालाच्या आवारात उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की विनोद त्यात काहीच नव्हता.

लाल रंगाची तीन मजली भव्य वास्तू, उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्या. मागच्या बाजूला ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती. आत एका भागात शासनाच्या पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. गच्चीच्या बाजूला गेले की भाट्याची खाडी आणि तिच्यापलीकडे समुद्र दिसतो. राजा दुर्बीण घेऊन इथून तासन् तास बोटी पाहत बसे असे रत्नागिरीत सांगतात.

ही हकीकत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते, पण तुकड्यातुकड्यांनी. थिबा १८७८ साली गादीवर आला. तो काही संत नव्हता. त्याच्या राज्यारोहणानंतर काही महिन्यांतच, १८७९ साली, गादीवर हक्क सांगू शकतील अशा कितीतरी राजपुत्रांची आणि राजकन्यांची कत्तल झाली. पण त्याचे राज्य गेले ते त्या पापापायी नव्हे. मुंबईची एक व्यापारी कंपनी, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, ब्रह्मदेशाच्या जंगलांतून सागवान तोडून नेत असे. कंपनीने पैसे भरले त्यापेक्षा फार जास्त ओंडके नेले असा ठपका ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ साली तिला सुमारे २३ लाख रुपये दंड केला. फ्रेंचांचा पाय तिकडे पडतो की काय ही धास्ती इंग्रजांना होतीच. दंडाचे निमित्त झाले. नोव्हेंबरात आगबोटींचा ताफा इरावतीतून वर निघाला. दहा वर्षांचा वेढा सोडाच, पुरते दोन आठवडे झाले नाहीत तोच मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा आणि राणी सुपायालत यांना बैलगाडीत बसवून त्यांच्याच राजधानीच्या रस्त्यांतून नदीवर नेले. दुतर्फा लोक रडत होते. रंगून, मद्रास असे मुक्काम होऊन एप्रिल १८८६ मध्ये ‘क्लाइव्ह’ नावाच्या बोटीने हे कुटुंब रत्नागिरीला उतरले. राजा तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता.

रत्नागिरीच का? त्या काळी इथे आगगाडी नव्हती. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की हे गाव चार महिने जगापासून तुटे. राजाला विसरायला लावायचे तर याहून चांगली जागा सरकारला मिळाली नसती.

मी हे ऐकत होतो आणि माझ्या डोक्यात गाडीतला तो प्रश्न घुमत होता: मग एवढी माणसे मेली कशासाठी? ट्रॉयबद्दलही काही अभ्यासक म्हणतात की हेलन हे कवींचे निमित्त; खरे भांडण काळ्या समुद्राकडे जाणाऱ्या सामुद्रधुनीच्या तोंडावर बसलेल्या त्या श्रीमंत गावाशी असावे. इथे तर कवीचीही गरज पडली नव्हती. इथली हेलन सागवानाची होती. माझ्या सासुरवाडीच्या माजघरात एक कपाट आहे. ‘बर्मा टीक आहे हो, तीन पिढ्या झाल्या, वाळवी लागली नाही,’ असे आल्यागेल्याला कौतुकाने सांगितले जाते. त्या कपाटाला मी यापूर्वी पुष्कळदा टेकून बसलो होतो.

हा महाल बांधून पुरा झाला तो १९१० साली. म्हणजे चोवीस वर्षे राजाने दुसऱ्यांच्या बंगल्यांत काढली, आणि या घरात त्याच्या वाट्याला आली ती सहा. सरकारी तनखा पुरत नसे. जवळचे जडजवाहीर एकेक करून विकावे लागले. चार मुली याच गावात वाढल्या, मराठी बोलू लागल्या. त्यांना साजेसा वर रत्नागिरीत कुठून मिळणार? थोरल्या राजकन्येचे मन महालातल्याच एका मराठी पहारेकऱ्यावर बसले. त्यांची मुलगी टूटू. थोरली राजकन्या एकदा ब्रह्मदेशाला जाऊन पुन्हा रत्नागिरीला परतली आणि १९४७ साली इथेच वारली. टूटूचा सारा संसार याच गावात, साध्या कष्टाच्या घरात झाला. २००० साली ती गेली.

“मी बघितलंय की त्यांना,” घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. “चेहरा ब्रह्मी, आणि बोलणं आपल्यासारखंच. राजाची नात आहे असं कुणी सांगितलं तर खरं वाटू नये.”

मला हेक्टरची बायको अँड्रोमॅकी आठवली. ट्रॉय पडल्यावर तिची वाटणी झाली आणि ज्याने तिचा नवरा मारला त्याच अकिलीसच्या मुलाच्या घरी तिला दासी म्हणून जावे लागले. युरिपिडीसने ट्रॉयच्या या विधवांवर नाटक लिहिले ते ख्रिस्तपूर्व ४१५ साली. तो स्वतः जिंकणाऱ्यांच्या जातीतला, ग्रीक. पण रंगभूमीवर त्याने रडायला उभ्या केल्या त्या हरलेल्यांच्या बायका. आपल्याकडे महाभारतकारांनीही अठरा दिवसांचे युद्ध संपल्यावर एक सबंध पर्व स्त्रियांच्या शोकाला दिले आहेच.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी पडवीत दिव्याखाली इलियडचा शेवटचा, चोविसावा सर्ग उघडला. अण्णा झोपाळ्यावर होते. सासूबाई भिंतीला टेकून दुसऱ्या दिवसाच्या उसळीसाठी भिजवलेले वाल सोलत होत्या. कन्या म्हणाली, “मोठ्याने वाचा ना, मराठीत.” तेव्हा मी वाचत गेलो आणि जमेल तसे मराठीत सांगत गेलो.

हेक्टरला मारून अकिलीसचा राग शमलेला नाही. तो प्रेत रथाला बांधतो आणि आपल्या मेलेल्या मित्राच्या थडग्याभोवती फरफटत नेतो. असे कितीतरी दिवस. शेवटी हेक्टरचा म्हातारा बाप, प्रायम, रात्रीच्या अंधारात गाडी जुंपून शत्रूच्या छावणीत जातो. गाडीत दंड म्हणून द्यायचे सोने आणि वस्त्रे. तो अकिलीसच्या तंबूत शिरतो, त्याच्या गुडघ्यांना मिठी घालतो आणि ज्या हातांनी आपली मुले मारली त्या हातांचे चुंबन घेतो. एवढेच म्हणतो की तुझ्या बापाची आठवण कर; तोही माझ्याच वयाचा आहे. मग ते दोघे रडतात. एक मुलासाठी, दुसरा आपल्या बापासाठी आणि मित्रासाठी. रडून झाल्यावर अकिलीस प्रेताला स्नान घालायला सांगतो, स्वतः उचलून ते शिबिकेवर ठेवतो, म्हाताऱ्याला जेवू घालतो आणि विचारतो, अंत्यविधीला किती दिवस लागतील? प्रायम हिशेब सांगतो: नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी समाधी; बाराव्या दिवशी लढायचेच असेल तर लढू. तेवढे दिवस युद्ध थांबते. ट्रॉयच्या बायका रडतात, चिता पेटते, माती लोटली जाते आणि ग्रंथ संपतो.

पुस्तक मिटले. कुणीच काही बोलेना. वालाच्या साली परातीत पडत होत्या त्याही थांबल्या.

“दिलं ना त्याने शेवटी?” सासूबाईंनी विचारले. “म्हाताऱ्याला त्याचा मुलगा दिला ना?”

“दिला, आई.”

“बरं केलं. रामानेसुद्धा रावणाचं नीट करायला लावलंच की बिभीषणाला. मेल्यावर कसलं वैर?” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हातातल्या वालाकडे बघतच म्हणाल्या, “आमच्या भाऊचं नाही झालं हो तसं.”

अठरा वर्षांत ही गोष्ट मी ऐकली नव्हती. सासूबाईंचे थोरले भाऊ मालवाहू बोटीवर नोकरीला होते. सासूबाई तेव्हा शाळकरी. पावसाळ्याच्या तोंडाशी तार आली: आजाराने बोटीवरच वारले, समुद्रात विधी केला. तारेत तारीख होती, पण कुठल्या समुद्रात ते नव्हते. घरी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. “शास्त्राने झालं सगळं,” सासूबाई म्हणाल्या, “पण आमची आई काही ते मानायला तयार नव्हती. मांडवीला बोट लागली की ती दारात येऊन उभी राहायची. दर्भ जाळलाय, मुलगा कुठं जाळलाय, असं म्हणायची. शेवटपर्यंत. माणूस जातो त्याचं दुःख असतंच हो. पण जो हाताला लागत नाही त्याचं दुःख विझत नाही.”

मग अण्णा झोपाळा थांबवून बोलले. “जावईबापू, आमच्या राजाचा शेवटचा सर्ग तुम्हाला सांगितलाच नाही. सकाळी तुमची गडबड होती फोटो काढायची.”

थिबा वारला डिसेंबर १९१६ मध्ये, याच महालात. मंडाले सोडून एकतीस वर्षे झाली होती. राणी सुपायालत हिने सरकारकडे मागणी केली की राजाचा देह ब्रह्मदेशाला नेऊ द्या. राणीची धाकटी बहीण, जी थिबाचीच धाकटी राणी होती, ती १९१२ साली वारली होती. तिचीही शवपेटी तशीच ठेवलेली होती. सरकारने परवानगी दिली नाही. राजाची समाधी मायदेशात झाली तर ती असंतोषाची जागा होईल ही भीती. राणी हट्टाला पेटली. इथे पुरू देणार नाही. दोन्ही शवपेट्या महालाच्या आवारातच राहिल्या. अर्ज जात राहिले, नकार येत राहिले. दोन वर्षांहून अधिक काळ असा गेला. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारने आपल्या मनाप्रमाणे दोघांना रत्नागिरीतच समाधी दिली, आणि मग राणीला मुलींसह रंगूनला परत जाण्याची मोकळीक मिळाली. १९२५ साली ती रंगूनला वारली. तिला मंडालेला न्यायलाही परवानगी मिळाली नाही. तिची समाधी तिथल्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या जवळ आहे. नवरा रत्नागिरीला, बायको रंगूनला, आणि मंडालेचा तो लाकडी राजवाडा मार्च १९४५ मधल्या बॉम्बवर्षावात जळून गेला.

“म्हणजे अकिलीसने दिलं ते यांनी दिलं नाही,” कन्या म्हणाली.

मी पुस्तकाकडे पाहिले. तीन हजार वर्षांपूर्वीचा तो रागीट, रक्ताने माखलेला योद्धा. शत्रूच्या बापाचे पांढरे केस पाहून त्याला पाझर फुटला. आणि कागदपत्रे, कायदे, शिक्के असलेले एक सुधारलेले सरकार. त्याला एका विधवेला नवऱ्याचा देह देववला नाही. याचे कारण मला त्या रात्री पडवीत सुचले, ते बरोबर असेल किंवा नसेल. प्रायम अकिलीसच्या समोर जाऊन बसू शकला. सुपायालतला समोर बसायला कुणी माणूसच नव्हता. तिचा अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जात होता, आणि मेजाला गुडघे नसतात.

निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “मी येते तुमच्याबरोबर समाधीवर. इतकी वर्षं इथं राहून गेले नाही कधी.” त्यांनी परसातली अबोली एका पानात बांधून घेतली.

शिवाजीनगर भागात वस्तीच्या मधोमध, कुंपणाच्या आत त्या दोन समाध्या आहेत. एक मोठी राजाची, एक लहान धाकट्या राणीची. आजूबाजूला घरे, वाळत घातलेले कपडे, कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या. २०१२ सालच्या डिसेंबरात ब्रह्मदेशाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. आम्ही गेलो तेव्हा दुसरे कुणी नव्हते.

“आता तरी न्यावं का हो त्याला तिकडे?” सौभाग्यवतींनी हळूच विचारले.

“नेऊ नये,” अण्णा म्हणाले. “शंभर वर्षं होऊन गेली. आमचाच झाला तो.”

“तुमचा झाला म्हणून त्याच्या बायकोचा नाही का राहिला?” सासूबाई म्हणाल्या. कोर्टात इतकी वर्षे काढलेले अण्णा यावर काही बोलले नाहीत.

सासूबाईंनी मोठ्या समाधीवर अबोलीचा एक गुच्छ ठेवला, लहान समाधीवर एक ठेवला आणि हात जोडले. पानात थोडी फुले उरली होती. ती त्यांनी पुन्हा बांधून घेतली. गाडीला वेळ होता. त्यांनी रिक्षा मांडवीकडे घ्यायला सांगितली. जेटीच्या टोकाशी जाऊन त्यांनी उरलेली फुले पाण्यात सोडली. भरती होती. फुले थोडी पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. “चला,” त्या म्हणाल्या, “उन्हं चढतील.”

जानेवारीत माझे व्याख्यान झाले. विद्यार्थी घोड्याची वाट पाहत होते. मी त्यांना थिबाचा महाल, दोन शवपेट्या आणि एक तार यांच्याबद्दल सांगितले. विभागप्रमुखांच्या मते मी विषय सोडून बराच भटकलो. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, सगळं खरं, पण इलियडमध्ये युद्ध जिंकतं कोण?”

मी त्याला सांगितले की होमरने ते लिहिलेलेच नाही. शत्रूकडून मागून आणलेल्या मुलाची चिता पेटली, तिथे तो थांबला.

आता रत्नागिरीचे नाव काढल्यावर कुणी आंब्याचा भाव विचारला तर मी त्यांना सासूबाईंचा दूरध्वनी क्रमांक देतो. भाव त्यांना अचूक ठाऊक असतो. आणि वेळ असेल तर भावाच्या आधी त्या एका राजाची गोष्ट सांगतात.